आरोग्याची नोंद आणि तिची किल्ली
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मंडळाच्या चालकांनी यंदा मला आरोग्याच्या नव्या साधनांविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी डॉक्टर नव्हे, यंत्रज्ञही नव्हे. जन्मभर शाळेत मुले शिकविली. परंतु आजारपण कोणत्याच घराला परके नसते, म्हणून हे धाडस करीत आहे.

वैद्यकात नवे साधन आले की आधी शंका, मग सवय आणि अखेरीस गरज, असा क्रम बहुधा दिसतो. १८१६ साली लेनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीतील आवाज ऐकला. त्या सुरळीतून जन्मलेली नळी आज डॉक्टरची खूणच झाली आहे.

आपल्याकडे शंकेकडून सवयीकडे जाण्याचा काळ २०२० साली आला. टाळेबंदीत दवाखाना गाठणे कठीण झाले. दुरून औषध सांगणे कायद्यात बसते की नाही, याविषयी तोवर डॉक्टर साशंक होते. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध झाले आणि त्यांना आधार मिळाला. त्या नियमांनी मर्यादाही घातल्या: डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक द्यावा, मादक वर्गातील औषधे दुरून लिहून देऊ नयेत आणि गरज दिसताच रुग्णाला प्रत्यक्ष तपासणीस बोलवावे. सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेत खेड्यातील आरोग्य केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरचा सल्ला घेता येतो.

पुढे २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ हा चौदा अंकी क्रमांक ऐच्छिक आहे. नोंदी जेथे झाल्या तेथेच राहतात; त्यांना ओवणारा दोरा म्हणजे हा क्रमांक.

मग सर्वच डॉक्टर हे का स्वीकारीत नाहीत? त्यांना हट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. लहान दवाखान्यात डॉक्टर एकटा, बाहेर रांग. त्याने रुग्णाकडे पाहावे की पडद्याकडे? शिवाय नोंद करण्याचे श्रम त्याचे आणि लाभ बहुधा पुढच्या डॉक्टरचा! आपण रुग्णही सोयीपुरतेच पुढे जातो. घरबसल्या डॉक्टरची वेळ ठरवितो, पण जुने कागद पिशवीत कोंबून ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. या व्यवस्थेत आपली नोंद कोणी, कशासाठी आणि किती काळ पाहावी, हे रुग्णाच्या संमतीने ठरते. दिलेली संमती मागेही घेता येते. म्हणजे किल्ली रुग्णाच्या हाती आहे. परंतु आपल्या घरांत काय होते? एकाच मोबाइलवर घरातील अनेकांची खाती जोडता येतात. सासू-सुनांची खाती कर्त्या पुरुषाच्या मोबाइलवर असली, तर संमतीचा सांकेतिक अंकही त्याच्याच हाती येतो. मग संमती कोणाची? मूल होत नाही म्हणून किंवा मन थकले म्हणून औषध घेणारी सून, आपली नोंद घरभर वाचली जाईल या भयाने दवाखान्याची पायरीच चढणार नाही. ज्या साधनाने रोग बरा व्हावा, तेच रोग लपविण्यास कारण होईल.

आपण वधू-वर मेळावे भरवितो, म्हणून आणखी स्पष्ट बोलतो. विवाहापूर्वी दोन्ही पक्षांनी प्रकृतीविषयी खरे सांगावे, यात दुमत नाही. पण ते ज्याचे त्याने सांगावे. तिसऱ्याने मोबाइलमधून अहवाल काढून फिरविणे हा सत्याचा आग्रह नव्हे, ती चोरी होय.

वृद्धांना मदत अवश्य हवी. हात धरणाऱ्याने वाट मात्र ठरवू नये.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. शक्य तेथे घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे खाते तिच्या स्वतःच्या मोबाइलवर असावे. सांकेतिक अंक दूरध्वनीवरून कोणालाही सांगू नये. मंडळाच्या तरुणांनी रविवारी तास-दोन तास ज्येष्ठांना ही कामे शिकवावीत, परंतु कोणाची नोंद अथवा परवलीचा शब्द स्वतःजवळ ठेवू नये.

सुनेच्या हाती तिजोरीची किल्ली देणारे घर आपण मोठ्या मनाचे मानतो. तिच्या आरोग्याची किल्ली तर मुळातच तिची आहे. ती आपण काढून घेऊ नये, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.