राष्ट्रपतींची सही आणि आपला सातबारा
(आंबागड येथील सभेतील भाषण)



या आंबागडच्या किल्ल्याचा भोसल्यांनी तुरुंग केला होता. आतल्या विहिरीचे नासलेले पाणी पाजून कैद्यांना मारत, असे सांगतात. दाद कोणाकडे मागणार? राजा म्हणेल तो कायदा.

राजे गेले, घटना आली. तरी 27 जून 1975 रोजी राष्ट्रपतींच्या एका आदेशाने समानता, जीवित आणि अटकेपासून संरक्षण या हक्कांसाठी कोर्टात जायलाच बंदी झाली. हक्क पुसले नाहीत. शेत तुमच्या नावावर, पण धुऱ्यावर पाय ठेवायचा नाही, असा प्रकार! मिसाखाली डांबलेल्यांनी अर्ज केले. आपल्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी ते ऐकायचे ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्ती खन्नांनी विचारले, पोलिसाने वैरापोटी कोणाला ठार केले तर? सरकारचे वकील म्हणाले, आणीबाणी आहे तोवर दाद नाही. 28 एप्रिल 1976 ला चार न्यायाधीशांनी सरकारचे म्हणणे मानले. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले, आणि पुढे त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केले. तो निकाल खोडायला 2017 साल उजाडले.

1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा हक्क रोखता येणार नाही असे ठरवले. झाले ते चांगलेच. पण त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आता एवढेच उरले की कायद्याशिवाय जमीन घेता येणार नाही.

आणि वटहुकूम हाही कायदाच! संसद बसलेली नसताना मंत्रिमंडळ सांगते, राष्ट्रपती सही करतात. 31 डिसेंबर 2014 च्या वटहुकुमाने पाच प्रकारच्या प्रकल्पांना शेतकऱ्याच्या संमतीतून सूट देण्याची वाट काढली. 2015 च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा काढला, मे महिन्यात तिसऱ्यांदा. देशभर शेतकरी उठला, तेव्हा कुठे ऑगस्टअखेर तो संपू दिला.

पुण्याच्या गोखले संस्थेतल्या डॉ. वाधवांनी बिहारच्या राज्यपालांचे असे 256 वटहुकूम शोधून काढले होते. त्यात उसाच्या खरेदीचाही होता, वर्षानुवर्षे जिवंत ठेवलेला. विधानसभेला डावलून असे वटहुकूम पुन्हा पुन्हा काढणे म्हणजे घटनेशी लबाडी, असे न्यायालयाने 1986 मध्येच सांगितले होते.

तेव्हा वटहुकूम निघाला की तारीख लिहून ठेवा. संसद बसल्यापासून सहा आठवडे मोजा. तेवढ्यात मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप मरतो. त्या सहा आठवड्यांत आपल्या खासदाराला गाठा, आणि हात कोणत्या बाजूने वर करणार ते विचारा.