टायर घेताना भाराचा आकडा वाचा



आम्ही चौघांनी मिळून आपट्यात एक टेम्पो घेतला होता. भात, भाजी, विटा, मिळेल तो माल पनवेलला न्यायचा. पुढे मागचे दोन टायर झिजले. नव्यांचा भाव ऐकून आमचे डोळे फिरले. एका दुकानात स्वस्त टायर मिळाले. रुंदी तीच, रिंगही तीच. आम्ही म्हटलं, "बसला ना? मग झालं!"

महिना गेला. एके दुपारी भाताची पोती भरून निघालो. कर्नाळ्याच्या खिंडीत मोठा आवाज झाला. मागचा टायर फुटला. गाडी एका अंगाला ओढली गेली. मागून बस येत होती. ती थोडक्यात थांबली, म्हणून आज आम्ही तुमच्यापुढे उभे आहोत.

चूक आमचीच होती. ते टायर माणसांच्या मोटारीचे होते, मालाच्या गाडीचे नव्हते.

दोन पिशव्या एकाच मापाच्या घ्या. एक गोणपाटाची, एक जुन्या धोतराची. तांदूळ दोन्हींत सारखाच मावेल. पण उचलली की धोतराची पिशवी फाटेल. टायरचेही तसेच आहे. माप निराळे, ताकद निराळी.

ही ताकद टायरवरच छापलेली असते. मापानंतर एक आकडा असतो. तो भाराचा आकडा. तो म्हणजे किलो नव्हेत, ती खूण आहे. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. १०६ म्हणजे ९५० किलो. '१०६/१०४' असे दोन आकडे असले, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी.

आता हिशेब करू. समजा, भरलेल्या गाडीच्या मागच्या आखावर १,५०० किलो भार येतो. त्यात गाडीचे स्वतःचे वजनही आले. चाके दोन. म्हणजे एका टायरवर ७५० किलो. ९१ आकड्याचे दोन टायर मिळून १,२३० किलोच पेलतात. २७० किलो कमी पडले. १०६ चे दोन टायर १,९०० किलो पेलतात.

म्हणून दुकानात जाण्याआधी कंपनीचे माहितीपुस्तक किंवा दाराजवळची पट्टी पाहा. तिथे दिलेल्या आकड्याहून कमी आकड्याचा टायर घेऊ नका. अक्षरे इंग्रजी असतात. वाचता आली नाहीत, तर शाळेत जाणाऱ्या मुलाला बरोबर न्या. त्यात लाज कसली?

टायरचे वयही पाहा. शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवा दिसला, तरी त्याचे रबर जुनेच.

आणखी दोन गोष्टी. हवा कमी असली, तर चांगला टायरही दबतो, तापतो आणि आतून सुटू लागतो. म्हणून सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा. आणि दमदार टायर घातला, म्हणून जादा माल भरू नका. आख, पाटे आणि ब्रेक जुनेच आहेत ना?

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, आपट्याची पाने वाहतो. त्या दिवशी खाली वाकून टायरवरचा आकडाही वाचा. अक्षरे शिकलो ती कशासाठी? जीव वाचवणारा आकडा आपला आपल्याला वाचता यावा, यासाठीच.