आपली तक्रार आपणच मांडू



घरी शिवणकाम करून संसाराला हातभार लावावा म्हणून माझ्या पत्नीने १८ हजारांचे शिलाई मशीन घेतले. पंधरा दिवसांत ते बंद पडले. दुकानदार म्हणाला, "धंद्यासाठी घेतलेत, तुम्ही ग्राहक कसले?" वकिलाची फी परवडणारी नव्हती. मी कारकून माणूस. कायदाच वाचायला घेतला.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट म्हटले आहे, की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणाराही ग्राहकच होय. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ती करता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावण्याची सक्ती नाही.

प्रथम दुकानदाराला लेखी नोटीस पाठवली व पोचपावती जपली. उत्तर आले नाही. मग तारीखवार हकिकत आणि आपली मागणी साध्या मराठीत लिहिली. बिल, हमीपत्र, नोटिशीची प्रत व प्रतिज्ञापत्र जोडले. दुसऱ्या तारखेला दुकानदाराने पैसे परत केले.

बँकेच्या खिडकीवर मी रोज पाहतो, आपली माणसे पावती तिथेच टाकून जातात. विद्यार्थी मित्रहो, घरातली बिले जपा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज तुम्ही लिहून द्या. शिकल्याचे सार्थक त्यातच आहे.