सामना आणि घर



खेळ मनास उदार करतो, असे आम्ही शिक्षक मुलांस नित्य सांगतो. परंतु इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या पोलीस-दप्तरांतून निराळेच दिसले. २००२, २००६ व २०१० च्या फुटबॉल विश्वचषकांत इंग्लंडचा संघ हरला, त्या दिवशी घरगुती छळाच्या तक्रारी इतर दिवसांच्या मानाने ३८ टक्क्यांनी वाढल्या. जिंकला वा बरोबरीत सुटला, तरीही २६ टक्क्यांनी!

तेव्हा दोष केवळ पराभवाचा नव्हे. घरात हात उगारणे ज्यास आपला हक्क वाटतो, त्यास सामना निमित्त पुरवितो इतकेच.

म्हणून एकच विनंती. सामन्याच्या रात्री शेजारून रडणे ऐकू आले, तर ‘त्यांचा घरचा मामला’ म्हणून दार लावून घेऊ नका. जाऊन कडी वाजवा.