चक्र फिरतंय? थोडं थांबा!

गटाचा हप्ता फोनवरून भरताना कधीकधी नुसतं चक्र फिरत राहतं. जीव घाबरतो आणि आपण पुन्हा पुन्हा बटण दाबतो. अशी विचारणा सर्व्हरकडे, म्हणजे सगळ्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकाकडे जाते. एकाच नळावर साऱ्या वाडीच्या कळशा एकदम आल्या, की कुणाचीच भरत नाही. तसंच तिथे होतं.

१२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय काही तास रखडलं. 'व्यवहार झाला का?' ही काही बँकांच्या यंत्रणांकडून सतत होणारी विचारणा त्याला कारण ठरली. म्हणून आता मर्यादा आहे. एका ॲपवर दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहता येते. ही अडवणूक नाही, सगळ्यांचा नंबर लागावा म्हणून लावलेली शिस्त आहे.

तेव्हा 'पेंडिंग' दिसलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. हप्ता दोनदा कापला जाऊ शकतो. थोडं थांबा, मग ॲपमधली व्यवहारांची यादी बघा. व्यवहार फसला असेल तर कापलेले पैसे बहुधा आपोआप परत येतात. नाही आले, तर व्यवहार क्रमांक लिहून घ्या आणि ॲपमध्ये किंवा बँकेत तक्रार नोंदवा. पिन मात्र कुणालाही सांगू नका.