रानात टिकणारी तिवई



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा तर लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचा प्रश्न, आपला काय संबंध? विषय आहे कॅमेऱ्याच्या स्टँडचा. दुकानात त्याला ट्रायपॉड म्हणतात, आम्ही आपसात तिवई म्हणतो. तीन पायांची वस्तू आपल्याला काही नवी नाही. चूल मांडायची तर दगड तीनच लागतात. चार पायांचं टेबल अंगणात ठेवलं की डुगडुगतं, एका पायाखाली चिपटी सारावी लागते. तीन पाय मात्र कशाही उंचसखल जागी टेकतात. म्हणून कॅमेऱ्यालाही पाय तीनच दिले.

आता संबंध सांगतो. आपल्या उमरगा तालुक्यात मोबाइल नाही असं घर शोधावं लागेल. बाया फोटो काढतात, चित्रफिती करतात. पण हातात धरून काढलेलं प्रत्येक चित्र कामाचं निघतंच असं नाही. तीन कामं अशी आहेत की ज्यांना तिवईच लागते.

पहिलं काम आपल्या रानाची नोंद. नाला, विहीर, बांध, सोयाबीनचा पट्टा यांचा दर महिन्याला एक फोटो काढायचा. पण तो त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून आणि त्याच दिशेला तोंड करून. असे बारा महिन्यांचे बारा फोटो शेजारी ठेवले की पाणी कुठवर आलं, बांध कुठे फुटला, माती किती वाहिली, हे कुणी न सांगता दिसतं. उंची बदलली, कोन बदलला, की दोन फोटोंची तुलनाच होत नाही. एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. आपण काढलेला फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. नुकसान झालं तर कळवायचं ते ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या मुदतीतच कळवायचं. पण पाहणीला माणूस येईल तेव्हा ‘पेरणीनंतर रान असं होतं, पावसाआधी असं होतं आणि पावसानंतर असं झालं’ हे त्याच्यापुढे ओळीनं मांडता आलं, तर आपल्या बोलण्याला वजन येतं.

दुसरं काम कमी उजेडातलं. पानाच्या मागची कीड, पहाटेचं दव, गोठ्यात व्यायला आलेली गाय. उजेड कमी असला की कॅमेरा चित्र टिपायला जास्त वेळ घेतो. तेवढ्या वेळात हात हलला की चित्र पुसट. उजेड कमी होतो तसा स्थिर आधार जास्त लागतो, एवढं लक्षात ठेवा.

तिसरं काम आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टिपून ठेवणं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं पडली. त्याला तीस वर्षं उलटून गेली. ज्या बायांनी त्या पहाटे ढिगारे उपसले, पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले आणि नव्या गावठाणात पुन्हा चूल मांडली, त्या आता सत्तरी-ऐंशीला आल्या आहेत. त्यांचं बोलणं पाच मिनिटांत संपत नाही. तासभर हातात मोबाइल कोण धरणार? आणि बोलणाऱ्या आजीसमोर कुणी मोबाइल रोखून उभं राहिलं तर ती मोकळी बोलेल कशी? तिवईवर मोबाइल लावला की आपले हात मोकळे होतात. आजीजवळ बसता येतं, तिच्याकडे पाहता येतं, तिचा हात धरता येतो.

ज्याला तिवई लागत नाही तेही सांगून टाकतो, उगाच खर्च नको. ई-पीक पाहणीसाठी पिकाचा फोटो टाकायचा, दुपारच्या उजेडात ढिगाचा फोटो घ्यायचा, तर हात पुरेसा आहे. अगदीच आधार हवा असेल तर कापडी पिशवीत हरभरा किंवा वाळू भरून तोंड शिवून टाका. ती बांधावर ठेवून तिच्यात मोबाइल रुतवला तर बरंच भागतं.

आता निवड. बाजारातल्या बऱ्याच हलक्या तिवया घरात, फरशीवर वापरायला बनवलेल्या असतात. आपलं काम रानातलं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. माळावर मुरूम. मुरूम म्हणजे आपल्या तालुक्यातलं गाव नव्हे, जमिनीतला मुरूम! आणि वर मोकळ्या माळाचं वारं. तेव्हा तिवई घेताना माती, वारं आणि आपला खांदा, या तिघांना विचारून घ्यायची.

आधी पाय बघा. पायाच्या नळ्या एकात एक सरकणाऱ्या असतात. जितके तुकडे जास्त, तितकी शेवटची नळी बारीक आणि तितकी डुगडुग जास्त. तीन तुकड्यांचा पाय घडी केल्यावर थोडा लांब राहतो, पण रानात भक्कम. पाच तुकड्यांचा पिशवीत छान मावतो, वाऱ्यात मात्र थरथरतो. उंची वाढवताना आधी वरच्या जाड नळ्या सोडायच्या, खालची बारीक नळी सगळ्यात शेवटी.

पायाचं टोक बघा. नुसतं रबर असेल तर फरशीवर चांगलं, मुरमावर घसरतं. रबर फिरवलं की आतून लोखंडी अणी निघते, अशी टोकं मिळाली तर उत्तम. ओल्या काळ्या रानात मात्र अणी उपयोगाची नाही, पाय खोल जातो. तिथे प्रत्येक पायाखाली डब्याचं जाड झाकण किंवा फळीचा तुकडा ठेवायचा. उतारावर दोन पाय उताराकडे आणि एक चढाकडे, म्हणजे तिवई खाली कलत नाही.

पाय आवळायची सोय दोन प्रकारची असते. एक खटक्याची, दुसरी पिळाची. खटका उघडा आहे की बंद हे लांबूनही दिसतं, पण प्लास्टिकचा असेल तर तुटतो. पिळाची सोय मजबूत असते, पण चिखल आत गेला की साफ करायला वेळ लागतो. दोन्ही चालतात. दुकानात हात ओला करून उघडझाक करून बघा, कारण रानात आपले हात कोरडे नसतात.

मधला दांडा वर करून उंची वाढवता येते. ही सोय शक्यतो वापरू नका. तो वर गेला की तीन पायांची तिवई वरच्या अंगाला एका पायाची होऊन बसते. दांड्याच्या खाली आकडा असेल तर तो मात्र फार कामाचा. वाऱ्यात त्याला दगड भरलेली पिशवी किंवा पाण्याची कॅन अडकवायची. ती लोंबकळती नको, जमिनीला किंचित टेकलेली हवी, नाहीतर तीच झोके घेऊन तिवई हलवते.

वजनाचा हिशोब सोपा आहे. तिवई किती किलो पेलते हे खोक्यावर छापलेलं असतं. आपल्या कॅमेऱ्याचं भिंगासकट वजन करा आणि त्याच्या दुप्पट तरी पेलणारी तिवई घ्या. दीड किलोचा कॅमेरा असेल तर तीन किलो पेलणारी. मोबाइल पाव किलोच्या आसपास असतो, पण म्हणून अगदी काडीसारखी तिवई घेऊ नका. मोबाइल जड नसला तरी वारं कमी होत नाही. स्वतः तिवई दीड ते दोन किलोची असली तर रानात उभी राहते आणि खांद्यावर घेऊन बांधानं चालताही येतं.

कॅमेरा बसतो त्या भागाला डोकं म्हणतात. चित्रफितीसाठी दांडी असलेलं डोकं घ्या, ते सावकाश आडवं फिरवता येतं. फक्त फोटोसाठी गोळीवर फिरणारं चालतं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाला पाव इंची स्क्रूची जागा असते. मोबाइलला ती नसते, त्याला वेगळा चिमटा लागतो. कॅमेरा आणि डोकं यांच्यामध्ये एक छोटी चकती असते. ती हरवली की एवढी मोठी तिवई निरुपयोगी, म्हणून जास्तीची एक घेऊन ठेवावी. काही तिवयांना गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडा असतो. तो मधोमध आला की चित्र तिरकं येत नाही.

आता उंचीबद्दल. इथे थोडं लांबचं सांगतो, पण फार लांबचं नाही. आपल्या उमरग्यावरून जाणारा सोलापूर–हैदराबाद महामार्ग पुढे हुमनाबादवरून जहीराबादला जातो. इथून सुमारे शंभर किलोमीटर. जहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था आहे. तिथल्या संघमातल्या, म्हणजे महिला मंडळातल्या शेतमजूर, दलित बाया कॅमेरा शिकल्या, आणि त्यांनी आपल्या पिकांवर, बियाण्यांवर चित्रपट केले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्याच परिसरातल्या माचनूर गावात त्यांचं संघम रेडिओ हे सामुदायिक केंद्र सुरू झालं. या बायांनी कॅमेऱ्याच्या कोनांना आपली नावं दिली. वरून खाली पाहणारा कॅमेरा म्हणजे पटेल शॉट, कारण जमीनदार उंचावरून असा बघतो. खालून वर पाहणारा म्हणजे गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडवून पाहणारा तो संघम शॉट, कारण संघमात सगळ्या एका पातळीवर बसतात.

तिवई घेताना ही गोष्ट नेमकी कामाला येते. दुकानदार विचारतो, ‘ताई, किती उंच पाहिजे?’ आपण विचारायचं, ‘दादा, किती खाली बसते?’ आपली आजी खुर्चीवर बसून बोलत नाही. ती ओट्यावर किंवा जमिनीवर मांडी घालून बसते. तेव्हा तिचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात. कॅमेरा पाच फुटांवर ठेवला तर तिच्याकडे वरूनच पाहिलं जाणार. स्वस्त तिवईचे तीन पाय आतून पट्ट्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे ते फार फाकत नाहीत. ज्या तिवईचा प्रत्येक पाय वेगळा फाकतो, ती खालीही बसते आणि एक पाय बांधावर, दोन सरीत असंही उभं राहता येतं. वरची उंची मधला दांडा न उचलता आपल्या स्वतःच्या डोळ्यापर्यंत आली की पुरे.

घेण्याआधी दुकानात चार गोष्टी करून बघा. पाय पूर्ण उघडून वरून तळव्यानं दाबा. नळी सरकली तर नको. डोकं धरून डावीउजवीकडे पिळा. खुळखुळ लागली तर नको. मोबाइल लावून चित्र मोठं करा आणि पायाला टिचकी मारा; थरथर लगेच थांबली पाहिजे. शेवटी घडी करून खांद्याला लावा आणि दुकानात चार फेऱ्या मारा. लोक बघतील, बघू द्या. पैसे आपले आहेत.

पैशांचं म्हणाल तर किमती बदलत असतात, तरी अंदाज देतो. पाचसहाशे रुपयांपासून हलक्या तिवया मिळतात. रानात टिकणारी अ‍ॅल्युमिनियमची तिवई अडीच ते पाच हजारांच्या दरम्यान. कार्बन फायबरची हलकी आणि मजबूत असते, पण तिची किंमत ऐकून आपण दुकानाबाहेर येऊ. अ‍ॅल्युमिनियम आपल्याला पुरतं. फक्त उन्हाळ्यात नळी तापते, म्हणून वरच्या नळीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळावी. आणि प्रत्येक घरी एक हवी असंही नाही. तीन हजारांची तिवई दहाजणींच्या गटानं घेतली तर वाट्याला तीनशे रुपये येतात. वहीत नोंद ठेवायची, नेणारीनं सही करायची, चिखल पुसून परत करायची. पावसात भिजली तर नळ्या पूर्ण उघडून सावलीत वाळवायच्या, ओली घडी करून ठेवायची नाही.

वापरताना दोन सवयी लावून घ्या. बटण दाबल्यावर बोटाच्या धक्क्यानंही चित्र हलतं, म्हणून दोन-तीन सेकंद थांबून फोटो घेणारा टायमर लावा. आणि दर महिन्याच्या फोटोसाठी जागेवर खूण करा. एक दगड पुरा, त्याच्यावर मधला दांडा येईल अशी तिवई लावा, पाय किती सोडले त्याची नळीवर रेघ मारा. मग या महिन्यात फोटो सासूनं काढला आणि पुढच्या महिन्यात सुनेनं, तरी चित्र जुळतं. जुन्या देवळात, किल्ल्यावर तिवई न्यायची असेल तर आधी विचारून घ्या. संरक्षित वास्तूंमध्ये त्यासाठी वेगळी परवानगी लागू शकते.

मैत्रिणींनो, आजवर आपल्या रानाचे आणि आपल्या माणसांचे फोटो बहुतेक बाहेरून आलेल्यांनी काढले. भूकंपानंतरही कॅमेरे आले, ढिगारे टिपून गेले. त्या ढिगाऱ्यातून पुढं काय उभं राहिलं, हे सांगणाऱ्या बाया आजही आपल्या ओट्यावर बसल्या आहेत. येत्या आठवड्यात गटाच्या बैठकीत दोन प्रश्न घ्या. तिवईसाठी वर्गणी किती, आणि पहिल्यांदा कुणाच्या आजीकडे जायचं. दुसऱ्या प्रश्नाला फार उशीर करू नका.