पुडीतली कॉफी: झोप उडते, रक्त वाढत नाही

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत सहयोगिनीताईंनी केलेलं भाषण)



आता गावच्या किराणा दुकानातही कॉफीची पुडी मिळते. गरम पाण्यात टाकली, साखर घातली, झालं. रोवणीच्या दिवसांत, नाहीतर तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघताना बऱ्याच जणी तेवढीच पिऊन निघतात. विचारलं तर म्हणतात, "अंगात ताकद येते."

ताकद नाही येत बायांनो, फक्त झोप उडते. ते काम कॅफिनचं. एक चमचा पावडरीत दहा कॅलरीसुद्धा नसतात. दोन चमचे साखरेच्या ४० कॅलरी होतात. अर्धा कप दूध घातलं तर सुमारे ३ ग्रॅम प्रथिनं आणि थोडं कॅल्शियम मिळतं. म्हणजे कपात पोषण असलंच तर ते दुधाचं. पुडीची मागची बाजू वाचा. बऱ्याच पुड्यांत चिकोरी असते, म्हणजे एका झाडाची भाजलेली मुळी.

आता खरी गोष्ट ऐका. कॉफी-चहातले काही घटक भाजी-डाळीतलं लोह धरून ठेवतात, अंगाला लागू देत नाहीत. १९८३ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. जेवणासोबत कॉफी घेतली तर लोह ३९ टक्के कमी शोषलं गेलं, चहानं ६४ टक्के. जेवणानंतर तासाभरानं कॉफी घेतली तरी नुकसान तेवढंच. तासभर आधी घेतली तेव्हा मात्र फरक पडला नाही.

म्हणून एवढं करा:

• कॉफी-चहा जेवणाच्या तासभर आधी घ्या. जेवणानंतर दोन तास थांबा.
• आशाताईंनी दिलेली लाल गोळी पाण्यासोबतच घ्या. सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारूनच.
• मुनग्याच्या पाल्याची भाजी, वरण यांवर लिंबू पिळा, नाहीतर सोबत आवळा खा. लोह चांगलं लागतं.
• पहाटे निघताना आधी भाकर नाहीतर पेज पोटात घाला.
• गरोदर बाईनं दिवसाला एक-दोन कपांच्या वर जाऊ नये. लेकरांना कॉफी नकोच.

कॉफी सोडा म्हणत नाही मी. पाहुणे आले, गप्पा रंगल्या, घ्या की! पण ती जेवणाची जागा घेऊ नये.

बचत खात्यात किती शिल्लक आहे, ते आपल्याला तोंडपाठ असतं. अंगात रक्त किती, ते किती जणींना माहीत आहे? हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, म्हणजे रक्त कमी. पुढच्या सभेला येताना उपकेंद्रात तपासून प्रत्येकीनं आपला आकडा घेऊन यायचा. ठरलं ना?